तुमच्या आधी निघतो

घाटात धुकं आहे, म्हणून सुरुवात चाळीस मिनिटं पुढे ढकलत आहोत, असं भोंग्यावरच्या बाईनं तिसऱ्यांदा माफी मागत सांगितलं. उदय खानोलकरनं घड्याळाकडे बघून मनातल्या मनात गणित मांडलं. उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा मांडलं. दुसऱ्यांदा मांडल्यानं ते थोडंच बदलणार होतं?

सातला सुटायचं ते आता सात चाळीसला. चढ चोवीस किलोमीटरचा. दरवर्षी उदयला तो चढायला सव्वातीन तास लागत. म्हणजे माथ्यावर पोचायला दहा पंचावन्न. आणि माथ्यावरून प्रेक्षकांना पलीकडच्या बाजूनं खाली नेणारी बस अकराला सुटणार होती. जपानातली बस ती. अकरा म्हणजे अकरा. त्या बसमध्ये त्याची मुलगी असणार होती.

सलोनी बावीस वर्षांची. पुण्याहून दहा दिवसांसाठी बापाकडे आली होती. आज तिचा शेवटचा दिवस. अकराची बस, मात्सुमोतोहून साडेबाराची गाडी, तिथून टोकियो, आणि रात्री नारिताहून विमान. सुटकेस कालच कुरियरनं विमानतळावर गेली होती. उदयनं या स्पर्धेत नाव घातलं होतं फेब्रुवारीत, सलोनीचं तिकीट निघालं जुलैमध्ये, आणि दोन्ही तारखा एकमेकींवर आल्या. त्यावर तोडगाही सलोनीनंच काढला होता. "मी वर येऊन थांबते ना. तू दमून भागून येणार, मी तुझा फोटो काढणार, आणि तिथनंच बाय करणार. किती फिल्मी." स्पर्धकांना गटागटानं खाली सोडेपर्यंत दुपारचे दोन वाजत. वर भेट झाली तरच भेट.

दहा दिवसांतले सात दिवस उदय ऑफिसात होता. नवीन सिस्टिम चालू व्हायची होती. ती नेहमीच चालू व्हायची असे.

"बाबा, मी पोचले," फोनवर सलोनीचा आवाज आला. ती साडेसहाच्या बसनं वर गेली होती. "इथे तर कडक ऊन आहे. धुकं सगळं खाली तुमच्याकडे."

"सुरुवात उशिरा आहे. चाळीस मिनिटं."

गणित तिलाही येत होतं.

"मग जोरात ये," ती म्हणाली.

जोरात म्हणे. चोपन्न वर्षांचं धूड, गुडघ्यांतून कुरकुर, आणि रांग अशी मागची की पुढच्या लोकांचे फक्त आवाज ऐकू येत होते. दोन हजारांवर माणसं धुक्यात सायकली धरून उभी होती, आणि त्यातल्या शेवटच्या चाळीसांत उदय आणि हिरानोसान होते.

हिरानोसान म्हणजे उदयचे जुने साहेब. वय सत्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी उदय त्यांच्याशी बोलताना अजून सायकलवरसुद्धा किंचित वाकत असे. दोघांनी नाव एकत्रच नोंदवलेलं, त्यामुळे नंबरही लागून आले होते. उदयचा अठराशे सेहेचाळीस, हिरानोसानचा अठराशे सत्तेचाळीस. पहाटेच दोघांनी माथ्यावर पाठवायच्या पिशव्या ट्रकमध्ये दिल्या होत्या. उतरताना थंडीनं बोटं आखडतात आणि ब्रेक दाबता येत नाहीत, म्हणून गरम कपडे अशा पारदर्शक पिशवीत नंबर लावून आधीच वर पाठवायचे, अशी इथली पद्धत. उदयच्या पिशवीत स्वेटर, हातमोजे आणि बायकोनं, स्नेहलतानं, पुण्याहून पाठवलेले राजगिऱ्याचे लाडू होते. लाडू सलोनीनं मुद्दाम आत कोंबले होते.

"यंदा गुडघा काय म्हणतोय?" उदयनं विचारलं.

"गुडघा म्हणतो, मी येत नाही," हिरानोसान म्हणाले. "पण त्याला वेगळं कुठे ठेवणार?"

सात चाळीसला शिट्टी झाली.

*

आझुमिनोच्या खोऱ्यातून निघाल्यावर पहिले तीन किलोमीटर रस्ता सोज्वळ असतो. कापलेली भातं दांड्यांवर वाळत घातलेली, घरांपुढे नारिंगी फळांनी लगडलेली पर्सिमनची झाडं, आणि धुक्यातही खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्या, हातातली घंटी वाजवत "गाम्बात्ते, गाम्बात्ते" म्हणणाऱ्या. नेटानं करा, बाळांनो. मग एक लाकडी पूल येतो आणि पुलानंतर रस्त्याचं खरं रूप दिसतं.

उदय चढाचा माणूस नव्हताच. खरं म्हणजे तो सायकलचाही माणूस नव्हता. पुण्यात वाढूनही कॉलेज त्यानं चालत केलं होतं. सायकल त्याच्या आयुष्यात आली भूकंपानंतर, आणि तीही जराशी चुकून.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये तो, स्नेहलता आणि नऊ वर्षांची सलोनी ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर राहत. ऑफिस शिंजुकूला, एका विमा कंपनीची जुनाट सिस्टिम सांभाळणारी अकरा माणसं, साहेब हिरानोसान. दुपारी पावणेतीनला जमीन हलली. गाड्या बंद पडल्या, फोन बंद पडले. ऑफिसची इमारत बराच वेळ बोटीसारखी डोलली आणि मग थांबली. कोणाला काही झालं नाही. पण सिस्टिम अर्ध्यात पडली होती, ती नीट बंद करून सगळा डेटा दुसरीकडे हलवायचा होता.

चार वाजता हिरानोसान त्याच्या टेबलाशी आले. "उदयसान, तुम्हाला लहान मुलगी आहे. तुम्ही निघा."

सहा वाजता पुन्हा आले. "निघा. चालत तीन तासांत पोचाल."

उदयनं पिशवी खांद्याला लावली सुद्धा. पण जपानी ऑफिसातून निघताना एक वाक्य म्हणावं लागतं. ओसाकी नी शित्सुरेई शिमास. तुमच्या आधी निघतो, माफ करा. रोज संध्याकाळी लोक ते म्हणतात, येता-जाता, जांभई देता देता. त्या दिवशी बाकीचे नऊ जण मान खाली घालून काम करत होते. त्यांनाही घरं होती, मुलं होती, एकाची आई सेंदाईला होती आणि तिचा फोन लागत नव्हता. त्यांच्यातला एकही उठला नाही. उदयनं तोंड उघडलं, आणि ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना. त्यानं पिशवी खाली ठेवली.

तो घरी पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. वसाहतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात निळ्या ताडपत्रीवर स्नेहलता भिंतीला टेकून बसली होती आणि सलोनी तिच्या मांडीवर. लिफ्ट बंद, धक्के चालूच, आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं. रात्रभर त्या दोघी दाराकडे बघत बसल्या होत्या. सलोनी तेव्हा चिडली की जपानीत बोले.

"बाबा, ओसोइ," ती म्हणाली. उशीर केलास.

स्नेहलतानं विचारलं, "का रे?"

"ऑफिसनं कोणाला सोडलंच नाही," उदय म्हणाला.

एवढंच. एक वाक्य म्हणता आलं नाही म्हणून दुसरं म्हणाला.

पाच दिवसांनी दोघी पुण्याला गेल्या. अणुभट्टीच्या बातम्या होत्या, सगळीच कुटुंबं जात होती. 'दोन आठवड्यांसाठी' म्हणून गेल्या. मग सलोनीची शाळा तिकडे सुरू झाली, मग स्नेहलताला एका शाळेत नोकरी लागली, मग दहावी आली, मग बारावी आली. दोन आठवड्यांची बारा वर्षं झाली. भांडण असं कधी झालंच नाही. उदय वर्षातून एकदा तीन आठवडे जायचा, पाहुण्यासारखा लाड करून घ्यायचा आणि परत यायचा. रोज फोन व्हायचा. जेवलास का, जेवलो. जेवलीस का, जेवले. घरं अशीही चालतात, आणि आवाज न करता चालतात, म्हणून कोणाला शंका येत नाही.

दोघी गेल्यावर नवव्या दिवशी उदयनं सायकल घेतली. पुन्हा गाड्या बंद पडल्या तर शिंजुकूहून ओजिमाला तासाभरात पोचता यावं म्हणून. घर रिकामं झाल्यावर गृहस्थांनी घरी लवकर पोचायचं साधन विकत घेतलं. याला काय म्हणावं?

ती सायकल बघून हिरानोसान म्हणाले होते, आमच्या नागानोला एक घाट आहे. दोघं त्या वर्षीपासून येत होते. दरवर्षी शेवटी पोचत, दरवर्षी एकत्र पोचत. मागून रेंगाळणारी, दमलेल्यांना उचलून घेणारी बस उदयनं एकदाही घेतली नव्हती. जाणारे येणारे मराठी मित्र, म्हणजे टोकियोकडच्या उरायासुचे आणि कोतोचे, त्याला चिडवत, "खानोलकर, अरे बसवाल्याला एकदा तरी चान्स दे." तो म्हणे, "घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, हा आमचा बाणा." बाणा वगैरे शब्द तो एरवी वापरत नसे.

*

आठवा किलोमीटर. पाय आता स्वतःच्या मर्जीनं फिरत होते, म्हणजे हळू. झाडांतून पाणी टपकत होतं. पुढच्या माणसाच्या पाठीवरचा नंबर धुक्यात विरघळला आणि मग फक्त हिरानोसानच्या श्वासाचा आवाज उरला, जुन्या शिवणयंत्रासारखा.

गेल्या वर्षी या वळणावर ते दोघं पंचावन्न मिनिटांत आले होते. आज एक तास पाच मिनिटं झाली होती. उदयला घाई करता आली असती. थोडीशी. पण हिरानोसानना मागे टाकायचं त्याच्या मनातही आलं नाही. आलं, पण त्यानं ते आल्यासारखं दाखवलं नाही.

आज त्याला दुसरंच काही छळत होतं. काल संध्याकाळी, खोऱ्यातल्या त्या छोट्या मुक्कामाच्या घरी जेवताना, सलोनीनं भाताचा वाडगा खाली ठेवून सहज विचारलं होतं, "बाबा, एक विचारू? त्या भूकंपाच्या रात्री तुला ऑफिसनं खरंच सोडलं नव्हतं?"

"का गं?"

"काही नाही. आई कधीच बोलत नाही त्याबद्दल. मला ते ब्लू शीट आठवतं फक्त. आणि एका आजींनी मला मिकान दिलं होतं, ते छोटं संत्रं. म्हटलं तू तरी सांगशील."

तेवढी संधी होती. समोर मुलगी होती, वेळ होता, बाहेर ओढा वाहत होता. आणि उदय म्हणाला, "नव्हतं सोडलं. तेव्हा नियमच तसे होते."

सलोनीनं मान हलवली आणि मिसो सूप प्यायली. तिचा विश्वास बसला होता, आणि तेच त्याला रात्रभर टोचत राहिलं. बारा वर्षांपूर्वी घाबरून खोटं बोललो, हे एक. पण काल? काल कशाला घाबरला होतास, बाबा रे? भूकंप तर नव्हता.

आज वर पोचून तिला खरं सांगायचं, असं त्यानं पहाटे पिशवी देताना ठरवलं होतं. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. फोनवर तो जेवलीस का एवढंच म्हणू शकत असे.

बाराव्या किलोमीटरला पाण्याचं ठाणं. शाळेतल्या मुली केळ्याचे तुकडे आणि उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट आलुबुखार, घेऊन उभ्या होत्या. हिरानोसान उतरले, कठड्याला टेकले आणि गुडघा चोळत बसले. पाच मिनिटं गेली. आठ गेली.

"माफ करा," ते म्हणाले.

"छे, छे," उदय म्हणाला आणि घड्याळ बाहीत सरकवलं.

तिथून पुढे लार्चची झाडं सुरू झाली. पानं नुकती पिवळी पडायला लागली होती. धुकं खाली राहिलं, ऊन आलं, आणि पलीकडे डोंगरांची रांग दिसली, माथ्यांवर पहिल्या बर्फाची रेघ. दरवर्षी इथे उदय म्हणे, "सुगोइ." भारी. आज तो काही म्हणाला नाही. हिरानोसाननी वळून त्याच्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा पुढे.

*

सतराव्या किलोमीटरला फाटक असतं. फाटक म्हणजे रस्त्याच्या कडेला एक फळा, एक झेंडा आणि स्वयंसेवकांचे चार पिवळे झगे. ठरलेल्या वेळेनंतर येणाऱ्याला तिथे अडवतात, वाकून नमस्कार करतात आणि मिनीबसमध्ये बसवतात. पिशव्या वर असल्यामुळे बस वरच जाते. आज फाटक साडेदहाला बंद व्हायचं होतं. उदय आणि हिरानोसान पोचले दहा अठराला.

"वेळेत आहात," झेंडेवाला आनंदानं म्हणाला. "अजून सात किलोमीटर. गाम्बात्ते."

उदयनं पाय टेकले. शेवटचे सात किलोमीटर सगळ्यांत उभे. ताजा असता तरी तास लागला असता. म्हणजे अकरा वीस.

बाजूला मिनीबस उभी होती. आत स्वतःहून थांबलेली पाच-सहा माणसं खिडकीला डोकं लावून बसली होती, परीक्षेत नापास झालेल्या मुलांसारखी. मागे सायकलींचा ट्रक. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं आणि स्वयंसेवकाला सांगितलं, "पहिली फेरी दहा पंचविसाला नेतो. रस्त्यावर सायकली आहेत, वीस मिनिटं तरी लागतील."

दहा पंचेचाळीस.

उदय सायकलवर तसाच उभा राहिला, एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर. हिरानोसान बाटलीतलं शेवटचं पाणी पीत होते. त्यांनी बसकडे बघितलं, उदयकडे बघितलं.

"मुलीची बस किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"हं."

एवढं बोलून त्यांनी बाटली जागेवर अडकवली. हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. आपल्याला कसली घाई नाही असं ते दाखवत होते, आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हतं.

उदयच्या मनात खूप काही येऊन गेलं. बारा वर्षं. फाटक वेळेत पार केलेलं. पायात अजून जीव होता. नव्हता, पण ओढला असता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो सत्तर वर्षांच्या माणसाला इथून एकटं पुढे पाठवणार होता, गुडघा धरून, सात किलोमीटर. आणि आता बसमध्ये बसलं की नावापुढे 'सोडली' असं कायमचं छापून येणार. पुन्हा तेच वाक्य म्हणायचं होतं. इथे मान खाली घालून काम करणारे नऊ जण नव्हते. एकच माणूस होता, आणि तो त्याच्याकडे बघत होता.

उदय सायकलवरून उतरला. घोट्याला बांधलेली वेळ मोजायची पट्टी सोडली, स्वयंसेवकाच्या हातात दिली. मग हिरानोसानपुढे उभा राहिला आणि वाकला, ऑफिसातल्यासारखा, पूर्ण.

"ओसाकी नी शित्सुरेई शिमास," तो म्हणाला. तुमच्या आधी निघतो, माफ करा.

हिरानोसानच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला.

"त्या दिवशी मी तुम्हाला दोनदा सांगितलं," ते सावकाश म्हणाले. "तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. हाताला धरून दारापर्यंत न्यायला हवं होतं. मी साहेब होतो."

"नाही. माझं मला निघता आलं नाही."

"हं," हिरानोसान पुन्हा म्हणाले. मग तेही वाकले, सायकल सांभाळत, जेवढं गुडघ्यानं वाकू दिलं तेवढं. "ओत्सुकारेसामा." दमलात, आता जा.

आणि ते पॅडलवर पाय ठेवून पुढे निघाले. बसनं पहिल्याच वळणावर त्यांना मागे टाकलं. त्यांनी वर बघितलं नाही. चढावर वर बघायचं नसतं, हे त्यांनीच उदयला शिकवलं होतं.

*

माथ्यावर ऊन इतकं लख्ख होतं की बसमधून उतरल्यावर उदयचे डोळे मिटले. दहा सेहेचाळीस. बस रेषेच्या मागच्या अंगाला थांबली होती, तंबूंजवळ. बुटांखाली लोखंडी पट्ट्या असल्यामुळे तो बदकासारखा फेंगडत चालला. लोक नूडल्स खात होते, गळ्यात पदकं घालून फोटो काढत होते.

सलोनी शेवटच्या रेषेपाशी कठड्याला टेकून उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. खाली रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. एक-एक सायकलवाला वळणावरून वर आला की ती टाचा उंचावे, आणि तो बाबा नाही असं दिसलं की पुन्हा खाली टेके. हातात फोन समोर धरला होता. फोनवर स्नेहलता होती, पुण्यात सकाळचे सव्वासात, हातात चहाचा कप.

"दिसला का गं?"

"नाही ना आई. अजून नाही. चौदा मिनिटं आहेत. येईल."

"येईल," स्नेहलता म्हणाली. कशी म्हणाली ते उदयला मागून ऐकू आलं. कितीतरी वर्षं सराव केल्यासारखी म्हणाली.

तो आणखी दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. फोनच्या काचेत सलोनीचा चेहरा छोटासा दिसत होता, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे हेल्मेट घातलेला एक मनुष्य. स्नेहलतानं कप खाली ठेवला.

"सलोनी," ती म्हणाली, "मागे बघ."

सलोनी वळली. आधी तिला कळलंच नाही. मग तिनं त्याचा रिकामा घोटा बघितला, हातात सायकल नाही हे बघितलं, मागची मिनीबस बघितली.

"बाबा, तू बसमधून आलास?"

"हो."

"पण तू तर कधीच..." ती थांबली. "काय झालं? पडलास का कुठे?"

"नाही, नाही. धडधाकट आहे. अकराच्या आत पोचायचं होतं."

सलोनीनं फोन त्याच्याकडे वळवला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. काचेत स्नेहलता त्याच्याकडे बघत होती. केसांत पांढरं किती वाढलंय, आणि चष्मा नवीन आहे, हे उदयला आत्ता दिसलं. रोज फोन करत होता म्हणे.

"लवकर आलास," स्नेहलता म्हणाली.

उदय तिथेच, रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकला.

"स्नेहल, त्या दिवशी," तो म्हणाला, "ऑफिसनं अडवलं नव्हतं. हिरानोसान दोनदा म्हणाले होते, जा. बाकी कोणी उठत नव्हतं, म्हणून मी नाही उठलो. तुला खोटं सांगितलं. काल सलोनीलाही पुन्हा तेच सांगितलं."

सलोनीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"माहितीये मला," स्नेहलता म्हणाली.

"काय?"

"आम्हाला सोडायला नारिताला आले होते ना हिरानोसान? तू बॅगांचं वजन करायला गेलास तेव्हा. कितीतरी वेळ वाकून उभे होते माझ्यापुढे. माझं जपानी जेमतेम, पण तेवढं कळलं. मी सांगितलं होतं, तरी पाठवू शकलो नाही, म्हणत होते. लोक बघायला लागले, इतके वाकले बिचारे."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली. "तू सांगशील म्हणून."

त्यात राग नव्हता. राग असता तर उदयला बरं वाटलं असतं. एवढी वर्षं त्या एका वाक्यासाठी बाई थांबली होती, आणि तो रोज तिला विचारत होता, आज भाजी काय केलीस. किती वाईट वाटावं याला काही मर्यादा असते, असं त्याला तोवर वाटत होतं.

"आता आठ मिनिटं आहेत," स्नेहलता म्हणाली. "तिच्याशी बोल. माझ्याशी काय, रोजच बोलतोस. संध्याकाळी कर फोन. आणि नीट कर."

फोन बंद झाला.

आठ मिनिटांत बापलेक फारसं बोलले नाहीत. पिशव्यांसाठी अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीकडे दोघं गेले. सकाळी तिथे दोन हजारांवर पिशव्या रांगेनं मांडलेल्या असतील. आता इथे तिथे चाळीसेक उरल्या होत्या. सलोनी ताडपत्रीच्या कडेला थबकली, बुटानं तिची किनार जराशी उचलून बघितली आणि सोडली. मग नंबर शोधून तिनं पिशवी आणली, उदयचं हेल्मेट उतरवलं, स्वेटर काढला आणि त्याच्या गळ्यात घातला, लहान मुलाला घालतात तसा, डोकं अडकलं तर ओढून. लाडवांच्या डब्यातला एक त्याच्या तोंडात कोंबला, एक स्वतः खाल्ला.

"मला तेव्हा राग आला होता तुझा," ती म्हणाली. "मग विसरले. काल विचारलं ते उगाच विचारलं असं वाटलं मला."

"उगाच नाही विचारलंस."

"ओके."

"सलोनी..."

"बाबा, बस."

अकराला एक मिनिट कमी होतं. ती धावत गेली, पायरीवर चढली, वळली, आणि तिनं हात केला नाही, फक्त बघितलं. अकराला दार मिटलं. बस पलीकडच्या उतारावरून खाली गेली, आणि वळणावळणांवर तिची पांढरी पाठ दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली.

उदय ताडपत्रीपाशी परत आला. सव्वाअकरा झाले. पिशव्या एक-एक उचलल्या जात होत्या. तंबू उतरवायला सुरुवात झाली होती, नूडल्सची मोठी भांडी धुवायला नेली होती. शेवटी ताडपत्रीवर एकच पिशवी राहिली, अठराशे सत्तेचाळीस, आत राखाडी जाकीट नीट घडी करून ठेवलेलं. पिवळ्या झग्यातला एक पोरगेलासा स्वयंसेवक ताडपत्रीची दोरी सोडायला आला, आणि पिशवी बघून अवघडून उभा राहिला.

"माझे साहेब येताहेत," उदय म्हणाला. "खाली आहेत अजून."

स्वयंसेवक वाकला आणि दोरी तशीच ठेवून गेला.

उदयनं आपली पिशवी बघितली. स्वेटर अंगावर होता, हातमोजे खिशात. पिशवीत आता फक्त डबा होता, तीन लाडू राहिलेला. ती त्यानं पुन्हा बांधली, नंबर वर येईल अशी, आणि अठराशे सत्तेचाळीसच्या शेजारी नेऊन ठेवली. वर आल्यावर हिरानोसानना आपली पिशवी एकटी पडलेली दिसू नये, एवढंच. मग तो रेषेपाशी, सलोनी उभी होती त्याच जागी जाऊन उभा राहिला आणि खालच्या वळणाकडे बघू लागला.